रकाना क्रमांक अकरा

सांत इस्तेवच्या बांधावर उभा आहे मी,
हातात खात्याचा टॅब, उन्हात काही दिसत नाही.
शेताचे फोटो काढायचे चार कोपऱ्यांतून
आणि एकात तरी लाभार्थी दिसला पाहिजे,
असे परिपत्रक आहे.

लाभार्थी : रोझार मिनेझिस.
फेब्रुवारीत वारला.
मी गेलो होतो, इगर्जीच्या पायरीपर्यंत.
चपला काढायच्या की नाहीत, या विचारात थांबलो,
तेवढ्यात पेटी पुढे निघून गेली.

मानशीतून खारे पाणी आत घुसायला लागले
की रात्री दोनला उठून फळ्या बसवणारा माणूस.
कोरगुटाचा दाणा दाताखाली फोडून सांगायचा
मीठ यंदा कुठवर आले.
त्याच्या कृषी कार्डावरचा फोटो मीच काढलेला.
कॉलर चुरगळलेली, डोळे मिटलेले.
म्हटले होते, पुन्हा काढू कधीतरी.

कार्डावरचे नाव बदलायचे
तर आधी कोर्टात इन्व्हेंटरी.
दोन मुलगे, एक मुलगी, मेलेल्या भावाची बायको.
थोरला स्विंडनला, गोदामात रात्रपाळीला.
त्याचा मुखत्यारनामा येईपर्यंत
दोन वायंगणे आणि एक निवडणूक होऊन जाईल
आणि तोवर अनुदान बंद.
नियम मला पाठ आहे,
नियमाला पडलेले भोकही.

रकाना अकरा : लाभार्थी हयात आहे काय?
होय.
नाही.
तिसरे बटण नाही.

उमेलिना येते, कमरेला कोयता,
प्लास्टिकच्या पिशवीत रोझारचा फोन.
बँकेचा मेसेज ह्याच्यावर येतो, म्हणून चार्ज करून ठेवते.
दोनचा गजर अजून वाजतो त्यात.
भरती रोज पाऊण तासाने सरकते,
गजर सरकत नाही.
बंद करता येत नाही, म्हणते.
मी करून देऊ का, असे विचारत नाही.

मग मी माझी हुशारी काढतो.
जुना पोर्तुगीज कायदा, बाय,
लग्न झाले की अर्धे घोवाचे, अर्धे बायलेचे.
म्हणजे निम्म्या शेतापुरता
लाभार्थी हयातच आहे की नाही?
बोट मी 'होय'वर नेतो,
क्षेत्र आपोआप भरले जाते, गेल्या वर्षीचे. पूर्ण.

ती शेताकडे बघते बराच वेळ.
"तर आर्दें बरय, बाब.
ताचो वांटो हांवें रोंवूंक ना."

मधल्या मेरेपलीकडे लव्हाळे,
त्यात तीन बगळे, एक फुटकी बादली.
मला ते आल्याआल्याच दिसले होते.
टॅब मी तिरका धरला होता
ते फोटोत येऊ नये म्हणून.

कचेरीत साहेबांनी विचारले, क्षेत्र निम्मे कसे?
मी लिहिले, खारे पाणी.
साहेबांनी सही केली. खारे पाणी
आमच्याकडे कुणालाही पटते.

जानेवारीत माझा फोन वाजला.
पडद्यावर : रोझार शेतकरी.
दोन रिंगा मी नुसताच बघत राहिलो.
पलीकडे ती, मागे गिरणीचा आवाज.
पैसे आले म्हणाली, चार हजार सहाशे बारा,
आणि मग, जरा थांबून,
ह्या नंबराचे रिचार्ज करून दे,
इथल्या दुकानातला पोर तीन महिन्यांचेच करतो,
मला वर्षाचे हवे.